सत्तर रुपये दोन भाषांत वारले : निपाणीच्या सरांना उत्तर

सर, नमस्कार.

‘दर दशकातले माझे आवडते विनोदी चित्रपट’ हा माझा लेख वाचून तुम्ही जे लिहिलंत त्यातला मुख्य भाग आधी जसाच्या तसा देते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ‘सीमाभागात राहून मराठी टिकवायची, की कन्नड सिनेमाची जाहिरात करायची? गणेशन मदुवे आपल्या यादीत कशासाठी? बनवाबनवी उसनी, धूमधडाका उसना, सोंगाड्या अश्लील, पडोसन म्हणजे माकडचेष्टा. अस्सल मराठी विनोद बघायचा तर गुळाचा गणपती बघा. तोच यादीत नाही, यातच सगळं आलं.’

नावाच्या जागी तुम्ही ‘निपाणीचा एक निवृत्त शिक्षक’ असं लिहिलंय, म्हणून सर म्हणते. तुमचं पहिलं वाक्य मला लागलं. आमचे बाबा बेळगावात, वडगावला माग चालवायचे. दर १ नोव्हेंबरला माग बंद ठेवून ते सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाच्या, काळ्या दिनाच्या फेरीत जायचे. फेरीहून आले की अंगणातल्या बाकावर टेकायचे, आणि तांब्याभर पाणी घेऊन बहुतेक वेळा शेजारची अक्काच यायची. अक्का कन्नड. ह्या दोन्ही गोष्टी आमच्या घरात एकाच दिवशी घडायच्या आणि कुणाला त्यात विसंगती वाटायची नाही. म्हणून आधी अक्काबद्दल लिहिते. माझी यादी तिला वगळून कळणार नाही.

वाड्यात सहा बिऱ्हाडं होती, चार मराठी आणि दोन कन्नड. नळ एक, अंगण एक. १९९०च्या आगेमागे गणपतीत गल्लीच्या मंडळानं टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणून रस्त्यात मांडला आणि ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. सिनेमा १९८८चा, पण आमच्या गल्लीत तो तेव्हा आला. अक्काला बाजारापुरतं मराठी यायचं, पण अशोक सराफांच्या वेगाला ते पुरायचं नाही. ती आईला चिकटून बसली होती आणि आई कानात कन्नडमधून सांगत होती.

घरमालक सरपोतदारांचे, म्हणजे सुधीर जोशींचे, सत्तर रुपये ‘वारले’ असं धनंजय माने सांगतो, तो प्रसंग तुम्हाला पाठ असेल. मराठीत पैसे बुडतात, खर्च होतात, हरवतात. वारतात ती माणसं, तीही आदरानं सांगायची असली तर. गंमत सगळी त्या एका क्रियापदात आहे. आईनं क्षणभर विचार केला आणि अक्काला सांगितलं, ‘एप्पत्तु रूपायि तीरिकोंडवु.’ कन्नडमध्ये ‘तीरु’ म्हणजे संपणं. माणूस गेला की ‘तीरिकोंडरु’ म्हणतात, आणि कर्ज फिटलं की ‘साल तीरितु’. म्हणजे आईच्या त्या वाक्यात सत्तर रुपये मेलेही आणि वर देणंही फिटल्यासारखं झालं. मराठीतला विनोद कन्नडमध्ये जाऊन एका पदरानं वाढला. अक्का तोंडाला पदर लावून इतकी हसली, की पुढची माणसं मागे वळून बघायला लागली. आई चौथी शिकलेली. भाषांतर हा शब्दही तिनं कधी वापरला नसेल.

त्याच रात्रीची दुसरी गोष्ट. ‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्य आलं आणि गल्ली फुटली. अक्का मात्र हसली नाही. तिला त्यात चुकलं काय तेच कळेना. कन्नडमध्ये लिंग माणसापुरतं, तेही खऱ्याखुऱ्या माणसाप्रमाणे: पुरुष तो पुल्लिंगी, बाई ती स्त्रीलिंगी, उरलेलं सगळं जग नपुंसक. भिंत ती आणि दरवाजा तो, हे तिच्या भाषेत नाहीच. म्हणून तिच्या मराठीत ‘माझा साडी वाळला’ असायचं आणि आम्ही पोरं तिला चिडवायचो. त्या रात्री ती आईला म्हणाली, साडी नेसली तरी तो लक्ष्या पुरुषच आहे, मग ‘हा’ बरोबरच की! तिच्या व्याकरणानं तिचं शंभर टक्के बरोबर होतं. लक्ष्मीकांत बेर्डे पुरुषच होते. अख्ख्या गल्लीत ते वाक्य शुद्ध ऐकणारी ती एकटी होती.

सर, तुम्ही आयुष्यभर शिकवलंत. मराठीत लिंग शब्दाला चिकटलेलं असतं हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही, अक्काच्या त्या प्रश्नातून कळलं. आपली भाषा कशी चालते ते शेजारची भाषा कानावर असली की जास्त स्वच्छ दिसतं. मराठी टिकवायची ती अशी, तिच्या एकेका क्रियापदाची चव घेत. कन्नड सिनेमाला हसल्यानं ही चव जाते, असं मला अजून एकदाही जाणवलेलं नाही.

आता ‘गणेशन मदुवे’. १९९०चा, फणी रामचंद्र यांचा. पुढे घरी केबल आली, उदया टीव्ही लागायला लागला, आणि ह्या वेळी अक्का सांगणारी झाली व आई ऐकणारी. सिनेमा घडतो तो ‘वठारा’त, म्हणजे एका अंगणाभोवती भाडेकरूंची बिऱ्हाडं, डोक्यावर बसलेला घरमालक, भिंतीपलीकडून ऐकू येणारी भांडणं. आम्हाला ते बंगळूरकडचं काही वाटलंच नाही. तो आमचाच वाडा होता. त्यातला अनंत नाग तुमच्याआमच्यातला आहे असं मी म्हणते ते उगाच नाही. त्यानं आणि शंकर नागनं उमेदवारीची वर्षं मुंबईत मराठी रंगभूमीवर काढली. आवाज न चढवता, समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घेऊन मग उत्तर देण्याची त्याची ढब बघा. आपल्या नाटकवाल्यांची तालीम त्यात दिसते.

आणि ह्या चित्रपटांत मला एक धागा सापडला, तो मूळ लेखात नीट मांडता आला नव्हता. ‘बनवाबनवी’त डोक्यावर छप्पर नाही म्हणून दोघांना साड्या नेसाव्या लागतात. सई परांजपेंची ‘कथा’ (१९८३) मुंबईच्या चाळीत घडते. ‘गणेशन मदुवे’ वठारात. जागा कमी, माणसं जास्त, भिंती पातळ. खोटं लपवायला आडोसा नाही आणि खरं सांगितलं तर सामान रस्त्यावर. घरमालक हा आपल्या विनोदातला खलनायक का, तर पिढ्यान्‌पिढ्या पगारातला मोठा घास त्यानं नेला म्हणून. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ ह्या साध्या चौकशीवर आपण इतकी वर्षं हसतोय, कारण इथे कोण राहतं आणि कोण राहू शकतं ही भीती भाड्यानं राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्या वाड्यातली चार मराठी आणि दोन कन्नड बिऱ्हाडं भाडं एकाच घरमालकाला देत होती.

उसनवारीचा मुद्दा. तुमची माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मला पटत नाही. ‘बनवाबनवी’ची गोष्ट बंगालीत १९५५ साली आली, ‘जय माँ काली बोर्डिंग’. हृषीकेश मुखर्जींनी १९६६ला ती हिंदीत केली, ‘बीवी और मकान’. मग सचिन पिळगांवकरांचा मराठी, आणि पुढे २००३ला ती कन्नडमध्येही गेली. ‘धूमधडाका’चं मूळ श्रीधर यांचा तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४). त्याचा हिंदी ‘प्यार किये जा’, १९७९चा कन्नड ‘प्रीती माडु तमाशे नोडु’, आणि १९८५ला महेश कोठारे. म्हणजे ती गोष्ट आपल्या आधी कन्नडमध्ये पोचली होती. पण अशोक सराफांचा यदुनाथ जवळकर आणि त्याचं ते ‘व्याख्खी विख्खी वुख्खू’ तमिळमधून आलेलं नाही. गोष्ट फिरत येते, ठसका इथला. देवाणघेवाण एकाच बाजूची आहे असंही नाही. वर सांगितलेला हिंदी ‘कथा’ हा आपल्याच एका मराठी नाटकावरून उचललेला. तेव्हा आपल्याला अभिमान वाटला होता ना? मग घेताना कमीपणा का मानायचा?

‘बनवाबनवी’ अस्सल कशानं झाला, तर संवादांनी, आणि ते वसंत सबनीसांचे. इथे तुमचा तिसरा आक्षेप घेते. ‘सोंगाड्या’ही (१९७१) सबनीसांचाच. ज्या लेखणीनं सत्तर रुपये वारले तिनंच नाम्या घडवला. ‘सोंगाड्या’ तुम्ही शेवटचा कधी बघितलात? दादा कोंडक्यांच्या पुढच्या काही चित्रपटांतले द्व्यर्थी संवाद मलाही रुचत नाहीत. आईसोबत बसून ते बघता येत नाहीत, आणि माझ्या यादीत त्यातला एकही नाही. पण ‘सोंगाड्या’तला नाम्या हा आयेच्या पदराला धरून असलेला, तमाशाच्या फडापुढे तोंड उघडं टाकून बसणारा भाबडा पोरगा आहे. रत्नमालाबाईंची आये त्याला रागावते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते शुद्ध निरागस आहे. माझी आजी खानापूरकडची. जत्रेतल्या तंबूत तिनं तो बघितला होता आणि मरेपर्यंत घरातल्या कुठल्याही वेंधळ्या मुलाला ती ‘नाम्या’ म्हणायची, मायेनं. त्या सिनेमाला अश्लील म्हणताना, सर, तुम्ही नंतरच्या दादांचं बिल आधीच्या दादांच्या नावावर फाडताय.

‘पडोसन’बद्दल मात्र मी मागे येते. माकडचेष्टा हा शब्द मला मान्य नाही. किशोरकुमार आणि मन्ना डे यांची ती गाण्यातली झुंज मी आजही उभ्यानं ऐकते. पण तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तो पुन्हा लावला आणि मेहमूदच्या दाक्षिणात्य गायनमास्तरावर पूर्वीसारखं हसू आलं नाही. त्या पात्राचा बराचसा विनोद त्याच्या उच्चारांवर उभा आहे. मी कॉलेजला असताना एका स्नेहसंमेलनात माझ्या कन्नड मैत्रिणीनं मराठीत चार वाक्यं बोलायचं धाडस केलं होतं. ‘माझा आई’ म्हणाली आणि सभागृह हसलं. ती पुन्हा कधी माझ्यासमोर मराठी बोलली नाही. मी त्या दिवशी हसले नव्हते, पण उठून काही बोललेही नव्हते, आणि ते मला अजून टोचतं. एका माणसाला आपल्या भाषेतून कायमचं बाहेर काढायला तेवढं हसणं पुरलं. बनवाबनवीच्या रात्री अक्का हसली ते शब्दाला, आणि शब्द सगळ्यांचा होता. म्हणून ‘पडोसन’ पहिल्या पाचातून खाली घेतेय. त्या जागी १९३८चा ‘ब्रह्मचारी’ येईल, अत्र्यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी कोल्हापुरात केलेला. तो आधीच्या यादीत नव्हता ही माझी चूक होती. ढोंगाला इतक्या हसऱ्या तोंडानं उघडं पाडणारा मराठी चित्रपट त्याआधीचा मला आठवत नाही.

उरला ‘गुळाचा गणपती’. यादीत हवा होता, हे तुमचं पूर्ण खरं. मी तो वगळला, कारण तेव्हा मी तो तुकड्यातुकड्यांनीच बघितला होता आणि पूर्ण न बघता लिहायचं नाही असा माझा नेम आहे. गेल्या आठवड्यात पूर्ण बघितला. १९५३चा सिनेमा, लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका पु. ल. देशपांड्यांची. भोळ्या माणसाच्या स्वप्नाळूपणावर हसवताना त्याची किंमत तसूभर कमी होऊ द्यायची नाही, हे त्यांना किती सहज जमलंय! तुम्ही त्याला अस्सल मराठी म्हणता आणि मलाही तो तसाच वाटतो.

पण त्यातलं ‘इंद्रायणी काठी’ आठवा. शब्द गदिमांचे, चाल पुलंची, आणि गळा भीमसेन जोशींचा. भीमसेन गदगचे, घरची भाषा कन्नड. आळंदीचं नाव आज कुठल्याही मराठी घरात निघालं की ज्या आवाजात ते ऐकू येतं, तो आवाज आमच्या उत्तर कर्नाटकातून तिकडे गेला. पुलंनीही काही काळ आमच्या बेळगावात राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवलं, आणि इथल्या रावसाहेबांचं कानडी वळणाचं मराठी त्यांनी किती जीव लावून लिहून ठेवलंय ते तुम्हाला मी काय सांगणार. रावसाहेब बोलतात तसंच आमची अक्का बोलायची. ते वाचताना तुम्हाला मराठी धोक्यात आहे असं वाटलं नसेल.

तेव्हा ‘गणेशन मदुवे’ यादीत राहील, ‘गुळाचा गणपती’ त्याच्या वरच्या जागी येईल. ‘बनवाबनवी’ आणि ‘सोंगाड्या’ जिथे आहेत तिथेच.

एक विनंती आहे. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय, की ‘गुळाचा गणपती’ तुम्ही लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून बघितला होता. कुठे बघितला, निपाणीच्या टॉकीजमध्ये की जत्रेच्या तंबूत? तिकिटाला काय पडलं होतं, शेजारी कोण बसलं होतं, तंबाखूच्या वखारीतले कामगार होते का, आणि त्यात कन्नड बोलणारं कुणी होतं का? आठवत असेल तेवढं लिहून पाठवा. तुम्ही परवानगी दिलीत तर मी ते ‘गुळाचा गणपती’च्या नोंदीखाली जसंच्या तसं घालेन.