ध्रुव भटकले, म्हणून खंड सरकले नाहीत?

खडकांमधील प्राचीन चुंबकत्वाविषयी एक संदेश बराच फिरतो आहे. उष्णतेने आणि विजेने खडकांचे चुंबकत्व बदलते, चुंबकीय ध्रुव स्वतःच भटकतात आणि उलटतात, शिवाय या नोंदींतून रेखांश कळत नाही. तेव्हा त्यांच्या आधारे खंड सरकले असे म्हणणे हा निव्वळ तर्क आहे, असा त्याचा आशय. यातली प्रत्येक सुटी गोष्ट खरी आहे; निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही.

चुंबकत्व बिघडते, हे या क्षेत्रातल्या अभ्यासकांना बाहेरून कोणी सांगावे लागलेले नाही. खडकांतले मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण सुमारे 580 अंश सेल्सिअसच्या खाली थंड होताना त्या वेळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. नंतर चढलेले चुंबकत्व बहुधा कमी पक्के असते, म्हणून नमुना टप्प्याटप्प्याने तापवून किंवा सतत दिशा बदलणाऱ्या (प्रत्यावर्ती) चुंबकीय क्षेत्रात ठेवून ते आधी उतरवले जाते.

ध्रुव भटकण्याचा मुद्दा अधिक वजनदार आहे. खंड नव्हे तर ध्रुवच सरकले, असे एके काळी ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ कीथ रनकॉर्न यांचेही मत होते. ध्रुवाचे नेहमीचे लहान हेलकावे काही हजार वर्षांच्या सरासरीत मिटतात, त्यामुळे खरा प्रश्न दीर्घ काळाचा उरतो. केवळ ध्रुवच सरकला असता, तर एकाच काळातल्या सर्व खंडांच्या खडकांनी एकाच ध्रुवाकडे बोट दाखवायला हवे होते. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्या खडकांवरून काढलेले ध्रुवमार्ग (काळानुसार ध्रुव कुठे कुठे होता हे दाखवणाऱ्या रेषा) मात्र आकाराने सारखे असूनही एकमेकांपासून सुमारे 30 अंश रेखांश दूर पडतात, आणि अटलांटिक महासागर मिटवून दोन्ही खंड जोडले की ते मार्ग बऱ्याच अंशी जुळतात. रनकॉर्न यांनी 1956 च्या सुमारास आपले मत बदलले, ते यामुळेच. दख्खनचा बेसाल्टही हेच सांगतो: चुंबकीय क्षेत्र क्षितिजाशी जो कोन करते त्यावरून अक्षांश काढता येतो, आणि सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा हा लाव्हा विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला थिजलेला दिसतो.

ध्रुव उलटण्याचा आक्षेप तर संदेशावरच उलटतो. 1963 मध्ये फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी, आणि स्वतंत्रपणे लॉरेन्स मॉर्ली यांनी, असे मांडले की समुद्रतळावरच्या पर्वतरांगेच्या फटीतून वर येणारा लाव्हा थिजताना त्या त्या वेळची दिशा टिपतो आणि दोन्हीकडे दूर सरकत जातो, त्यामुळे रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे तयार होतात. 1966 मध्ये दक्षिण पॅसिफिकमधील एल्टॅनिन जहाजाच्या नोंदींत हे पट्टे जवळजवळ आरशातल्या प्रतिमेसारखे दिसले. शेवटची उलटापालट सुमारे 7.8 लाख वर्षांपूर्वीची आहे. तिची खूण असलेली पट्ट्याची कड रांगेपासून किती दूर आहे ते मोजले की सागरतळ सरकण्याचा वेग वर्षाला काही सेंटीमीटर निघतो, आणि आज उपग्रहांच्या साहाय्याने मोजलेले खंडांचे वेगही त्याच पल्ल्यातले आहेत.

रेखांशाबाबत संदेश बरोबर आहे. सुमारे 18 कोटी वर्षांपर्यंत सागरतळावरचे पट्टे ही उणीव भरून काढतात. त्याहून जुना बहुतेक सागरतळ भूपट्टांखाली (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांखाली) जाऊन नाहीसा झाल्याने, त्या काळातल्या खंडांच्या पूर्व-पश्चिम जागांसाठी जीवाश्म आणि जुन्या पर्वतपट्ट्यांची जुळणी यांवर विसंबावे लागते.