तेच ते नाही

आज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाची प्रश्नमंजूषा होती. प्रश्न आला, "इंग्लंडच्या कोणत्या मंत्र्याने तिथली मोफत आरोग्यसेवा सुरू केली?" पलीकडच्या विंगच्या गटाने पटकन सांगितलं, अनायरिन बेव्हन. दहा गुण, टाळ्या. मी उभी राहून म्हटलं, बेव्हन इंग्लंडचा नव्हता, वेल्सचा होता, ब्रिटनमधल्याच पण वेगळ्या देशाचा. निवेदक म्हणाला, "तेच ते, ताई," आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ मला समजावत होते, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? गॅरेथ बेल नाही का, तोही इंग्लंडचाच."

घरी आले, जेवले नाही. आता लिहितेय, कारण झोप येणार नाही.

गॅरेथ बेल इंग्लंडचा! अहो, २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात वेल्स आणि इंग्लंड एकमेकांसमोर खेळले. वेल्स ३-० ने हरला, आणि हरलेल्या संघाचा कप्तान बेल होता. त्या स्पर्धेत पोचायला वेल्सला १९५८ नंतर चौसष्ट वर्षं लागली. १९५८ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलने त्यांना एका गोलने हरवलं, आणि तो पेलेचा विश्वचषकातला पहिला गोल. चौसष्ट वर्षं वाट बघितलेल्या माणसांना तुम्ही "तेच ते" म्हणता?

मला राग का येतो हे माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. बाबा मिरजेला डॉक्टर झाले आणि १९७४ मध्ये वेल्सच्या एका कोळशाच्या खोऱ्यात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, म्हणून गेले. तेव्हा त्या खोऱ्यांत तिकडचे डॉक्टर टिकत नव्हते, आणि दवाखाने आपल्याकडच्या डॉक्टरांनी चालवले. मी नऊ वर्षांची होते. शेजारी एक निवृत्त खाणकामगार राहायचे. त्यांना मी आजोबाच म्हणायचे, आणि त्यांना तो शब्द फार आवडायचा. छातीत कोळशाची धूळ, दहा पावलं चालले की थांबायचे. कपाळावर निळ्या रेघा. खाणीत जखम झाली की धूळ आतच राहते आणि वर कातडी धरते, त्या रेघा जन्मभर जात नाहीत.

पहिल्याच महिन्यात मी त्यांना म्हटलं, "इंग्लंडमध्ये फार पाऊस पडतो." ते फाटकाशी थांबले. मला विचारलं, तुझं गाव कुठलं? मिरज. ते कुठे आलं? मी शाळेत शिकवलं होतं तसं सांगितलं, कर्नाटकच्या सीमेजवळ. "म्हणजे तू कर्नाटकची." मी केवढ्याने ओरडले, "नाही!" ते हसले, हसता हसता खोकल्याची उबळ आली, आणि श्वास परत आल्यावर पूर्वेकडच्या डोंगराकडे बोट करून म्हणाले, इंग्लंड त्याच्या पलीकडे.

तेवढं एक वाक्य मी पन्नास वर्षं विसरले नाही.

बेव्हन आमच्यापासून दोन डोंगर पलीकडच्या ट्रेडीगरचा. १८९७ चा जन्म, बाप खाणीत, पोरगा तेराव्या वर्षी खाणीत. बोलताना अडखळायचा आणि तरीही संसदेत चर्चिलच्या तोंडाला लागायचा. १९२५ मध्ये बाप छातीत धूळ भरून त्याच्या हातांत गेला, भरपाई एक पैसा नाही, कारण तो आजार तेव्हा खाणीचा आजार मानतच नव्हते. ट्रेडीगरच्या कामगारांनी पगारातून दर आठवड्याला थोडे पेनी कापून डॉक्टर, दवाखाना, औषधं अशी स्वतःची सोय उभी केली होती. बेव्हनने ५ जुलै १९४८ ला अख्ख्या ब्रिटनला जी सेवा दिली तिचं मूळ त्या पेनींमध्ये आहे. तो स्वतःच म्हणायचा, आम्ही तुम्हा सगळ्यांचं ट्रेडीगर करणार आहोत. हे गावाचं नाव पुसून वर "इंग्लंडचा मंत्री" असं लिहायचं?

आता आजोबांच्या आईची गोष्ट. माझ्या घरच्यांनी ती शंभर वेळा ऐकलीय, पण आज लिहितेच.

आई म्हातारी झाली तेव्हा डोळे गेलेले. चष्मा म्हणजे दुकानातल्या टेबलावर ढीग असायचा, एकेक लावून बघायचा, त्यातल्या त्यात बरा दिसेल तो घ्यायचा. तसाच एक तिने वीस वर्षं वापरला. १९४८ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तिचे डोळे नीट तपासले आणि चष्मा मिळाला, एक पेनी न देता. घरी आली, मुलाकडे बघितलं आणि गप्प झाली. मुलाच्या कपाळावरच्या निळ्या रेघा तिला पहिल्यांदा दिसल्या होत्या. मुलगा तेव्हा चाळीस वर्षांचा होता. तिने बोट फिरवून एकेक रेघ मोजली.

आणि १९५१ मध्ये सरकारने शस्त्रांच्या खर्चासाठी चष्मा आणि कवळीचे निम्मे पैसे रुग्णाकडून घ्यायचे ठरवलं. बेव्हनने मंत्रिपद सोडलं. पुस्तकांत यावर म्हणतात की तो हट्टी होता, पक्ष फोडला, पुढची निवडणूक गमावली. असेल, हट्टी होताच. पण मी ज्यांच्या स्वयंपाकघरात बसून हे ऐकलं त्यांच्यासाठी तो आईच्या चष्म्यासाठी खुर्ची सोडणारा माणूस होता.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाहीतर कुणीतरी कॉमेंटमध्ये काढेलच. बेव्हनला वेल्श अस्मितेचं कौतुक नव्हतं. वेल्सच्या प्रश्नांवर संसदेत वेगळा दिवस ठेवला तेव्हा त्याने विचारलं होतं की वेल्सची मेंढी दुसरीकडच्या मेंढीपेक्षा वेगळी कशी? मान्य. पण हे तो बोलला म्हणून तुम्ही त्याला इंग्लिश करू शकत नाही.

लॉइड जॉर्जचंही तसंच. जन्म मँचेस्टरचा, पण वाढला उत्तर वेल्सच्या खेड्यात, चांभारकाम करणाऱ्या मामाच्या घरी, मातृभाषा वेल्श. इंग्रजी ज्याची पहिली भाषा नाही असा ब्रिटनचा तो एकच पंतप्रधान. सत्तरीच्या पुढच्या गरिबांना १९०९ पासून आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत पेन्शन मिळू लागली, तेव्हा अर्थमंत्री तो. आजोबांची आजी पेन्शनला पेन्शन म्हणायचीच नाही, "लॉइड जॉर्ज आणायला जाते" म्हणायची. आपल्यासाठी तो चांगला माणूस नव्हता, जालियनवाला बागेच्या वेळी पंतप्रधान तोच, आणि आपल्यावरच्या गोऱ्या नोकरशाहीला पोलादी चौकट म्हणणारा तोच. तेही विसरू नका. पण ते करणारा कुठला होता हे तरी नीट सांगा.

क्रिकेटमध्ये ते इंग्लंडच्या नावाने खेळतात, हो, खरंय. म्हणून तर आपल्याला दिसतच नाहीत. १९७२-७३ मध्ये आपल्याकडे आलेल्या इंग्लंडच्या संघाचा कप्तान टोनी लुईस वेल्सचा, ग्लॅमॉर्गनचा. आयुष्यातली पहिली कसोटी खेळला तो कप्तान म्हणूनच, दिल्लीत. त्या मालिकेतली शेवटची कसोटी ब्रेबर्नवर झाली, तुमच्यापैकी कुणाकुणाच्या वडिलांनी ती पाहिली असेल. विचारा त्यांना, तो कुठला होता. आणि आपला रवी शास्त्री १९८७ मध्ये ज्या ग्लॅमॉर्गनकडून खेळायला गेला तो वेल्सचा एकमेव काउंटी संघ. कार्डिफला आम्ही मिळून पुरणपोळी घेऊन गेलो होतो. आजोबा तोवर गेले होते.

त्यांचा खेळ रग्बी. शनिवारी टीव्हीसमोर त्यांच्या शेजारी बसून मी गॅरेथ एडवर्ड्स बघितला. खाणकामगाराचा मुलगा, वेल्ससाठी सलग ५३ सामने, एकही न चुकवता. पण आजोबांच्या तोंडी जास्त नाव असायचं कार्विन जेम्सचं. ब्रिटिश लायन्सने, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्र रग्बी संघाने, न्यूझीलंडमध्ये एकच मालिका जिंकली, १९७१ ची, तिचा प्रशिक्षक हा. त्याच्या आदल्याच वर्षी तो वेल्श राष्ट्रवादी पक्ष प्लाइड कमरीकडून निवडणूक लढला. आणि त्याच वर्षी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा संघ वेल्समधल्या लानेलीला त्याच्या क्लबविरुद्ध खेळायला आला, तेव्हा त्याने आपली पोरं तयार केली, मैदानात पाठवली आणि स्वतः सामना न बघता ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिला. आजोबा हे बाबांना मुद्दाम सांगायचे. बाबा काळे आहेत म्हणून दवाखान्यातून उठून जाणारे लोकही त्या खोऱ्यात होते. आजोबा दर सोमवारी, काही काम नसताना, दवाखान्यात जाऊन सगळ्यांना दिसेल असे पुढच्या बाकावर बसायचे.

हे लिहिताना राग गेला माझा. फार रडू आलं.

संप मोडला तो मार्च १९८५. खाणकामगार वर्षभराने कामावर परतले, आणि त्याच महिन्यात आजोबा गेले. मृत्यूच्या दाखल्यावर बाबांनी सही केली, आणि कारणाच्या रकान्यात धूळ लिहिली, न्यूमोनिया नाही, कारण न्यूमोनिया लिहिला असता तर आजींना भरपाई मिळाली नसती. पुढे आम्ही तिथून निघताना आजींनी बिस्किटाचा डबा हातात दिला. आत तो १९४८ चा चष्मा. गोल काचा, एक दांडी दोऱ्याने बांधलेली. आज माझ्या कपाटात आहे.

मघाशी बाबांना सगळं सांगितलं. नव्वदीचे आहेत, ऐकायला कमी येतं, दोनदा सांगावं लागलं. विचारलं, "किती गुण दिले?" म्हटलं, दहा. म्हणाले, "प्रश्नच चुकीचा होता. परत घ्यायला सांग."

मी सेक्रेटरींना मेसेज केलाय. दोन निळ्या टिका दिसतायत, उत्तर नाही.