पाहुणा किल्ल्या मागतो तेव्हा

अमेरिकन सिनेटर बर्नी सँडर्सचा विषय काढला वकिलानेच. "हा बर्नी १९९० साली अपक्ष म्हणून प्रतिनिधिगृहात गेला, पुढे सिनेटमध्येही अपक्षच. राष्ट्राध्यक्ष व्हायचं म्हटलं की मात्र उमेदवारी डेमोक्रॅट्सची हवी! २०१६ला मागितली, २०२०ला परत. जन्मभर पक्षाची पत्रकं वाटणाऱ्यांनी काय करायचं?"

"प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, त्यांच्याविरुद्ध मत द्यायचं," मास्तर म्हणाले. "तिथे उमेदवारी श्रेष्ठींच्या बंगल्यावर ठरत नाही."

बंड्याने मोबाइलमधून डोकं काढलं. "पण मास्तर, न्यूयॉर्कची प्रायमरी बंदिस्त, पक्षात नोंदणी असलेल्यांनाच मत. २०१६ला मतदान एप्रिलमध्ये, आणि नोंदणी असलेल्या मतदाराला पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरातच संपलेली! म्हणजे अपक्ष मतदार सहा महिने आधी जागा झाला नाही तर बाहेर, आणि अपक्ष उमेदवार थेट आत."

वकिलाला चेव आला. "व्हरमाँटमध्ये, त्यांच्या स्वतःच्या राज्यात, तर कमालच. सिनेटसाठी डेमोक्रॅट्सची प्रायमरी जिंकायची, उमेदवारी नाकारायची आणि अपक्ष लढायचं. २००६, २०१२, २०१८. पक्षाचा दुसरा उमेदवारच नाही!"

इथे मीच मध्ये पडलो, कारण त्या सौद्यात पक्षही भोळा नव्हता. २००७च्या सिनेटमध्ये डेमोक्रॅट होते ४९. बहुमत झालं ते सँडर्स आणि लीबरमन या दोन अपक्षांना धरून. तेव्हा कुणी निष्ठा विचारली नाही.

"आणि बाहेरून लढले असते तर?" मास्तरांना जोर आला. "२०००मध्ये राल्फ नाडर राष्ट्राध्यक्षपदासाठी ग्रीन पक्षाकडून लढले. फ्लोरिडात त्यांना ९७ हजारांवर मतं, अन् डेमोक्रॅट्सचे गोर तिथे पडले ५३७ मतांनी. सँडर्स २०१६ला आत आले, हिलरी क्लिंटनबाईंकडून हरले, आणि पक्षाच्या फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात त्या बाईंच्या उमेदवारीचा प्रस्ताव सँडर्सनीच मांडला."

"म्हणून तर पक्षाने २०१८मध्ये नियम केला," वकील म्हणाला. "राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हवी तर आपण डेमोक्रॅट आहोत, निवडून आलो तर डेमोक्रॅट म्हणूनच कारभार करू, असं लिहून द्या. २०१९च्या मार्चमध्ये सँडर्सनी सही केली. आणि त्याच सुमारास २०२४च्या सिनेटसाठी कागद भरले, ते अपक्ष म्हणून!"

बंड्या हसत सुटला. "मग खरी सही कुठली?"

"दोन्ही," मास्तर शांतपणे म्हणाले. "एक पक्षाने मागितली होती, दुसरी व्हरमाँटने."

वकिलाने हात जोडले. पटलं म्हणून नव्हे.