‘चष्मिष्ट’ यांच्या प्रतिक्रियेबद्दल, जरा सविस्तर

चष्मिष्ट (ताई की दादा, टोपणनावावरून कळायला मार्ग नाही),

काचबिंदू आणि अल्झायमर यांचा एकमेकांशी संबंध असावा, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही पाच वाक्यं लिहिलीत. आधी तुमचं देणं चुकतं करतो. तिसऱ्या परिच्छेदात मी एके ठिकाणी काचबिंदूऐवजी मोतीबिंदू लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते वाक्य. ‘आईच्या आजारपणाच्या गोष्टी सांगून विज्ञान होत नसतं, काका.’ नसेल होत. पण हे ‘काका’ कशासाठी? आम्ही इंदूरच्या रामबागेत वाढलो. तिथे काका म्हणणारी पोरं आधी वाकून नमस्कार करायची.

आईच्या डोळ्यांत रोज रात्री नऊला काचबिंदूचे थेंब मी घालायचो. अकरा वर्षं. डोळ्यांतला दाब आटोक्यात होता, तरी कडेची नजर गेलीच. राजवाड्याकडून येताना बाजूने रिक्षा आली की भोंगा वाजेपर्यंत तिला पत्ता नसायचा. पुढे पुढे थेंब घालून पाच मिनिटं झाली की म्हणायची, ‘अरे, आज थेंब राहिले.’ स्मरणशक्तीच्या तपासणीत एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायला दिले, तर कागदच फिरवत बसली. तुम्ही म्हणाल, तिला दिसलंच नसेल. म्हणा. शेजारी मी बसलो होतो, तुम्ही नव्हता.

आणि मी नुसती आईच सांगितली का? डोळ्याची नस म्हणजे मेंदूचाच भाग. काचबिंदूत डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या ज्या पेशी मरतात, त्यांच्याच दहा-बारा लाख धाग्यांची ती बनते, आणि मेलेली पेशी परत येत नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं बीटा-ॲमिलॉइड हे प्रथिन डोळ्यांतला दाब वाढवलेल्या उंदरांच्या याच पेशींत दिसलं, २००७ साली. अल्झायमरच्या रुग्णांत पडद्यावरचा धाग्यांचा थर पातळ झालेला ओसीटीत, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत, दिसतो. हे सगळं लेखात आहे.

डेन्मार्क आणि इंग्लंडच्या रुग्णांच्या नोंदींत या दोन आजारांचा संबंध सापडला नाही म्हणता. तैवानच्या नोंदींत सापडला. असो. ‘सहसंबंध म्हणजे कारण नव्हे’ हे तर अकरावीचं पोरगंही सांगेल. राहिलं ‘घाबरून लोक थेंब सोडतील’. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब बंद करू नका, असं लेखाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलंय. पण तुमचं वाचन तिसऱ्या परिच्छेदातच थांबलेलं दिसतं.

माझ्या स्वतःच्या डोळ्यांतला दाब दिवाळीच्या सुमारास २४ निघाला. २१ पर्यंत ठीक समजतात. थेंब चालू आहेत, रात्री नऊलाच. मोबाइलवर गजर लावलाय, पण अजून तरी त्याच्या आधीच आठवतं.

पुन्हा लिहायचं तर जरूर लिहा. फक्त ‘काका’ नको.