पोलीस केस अंगावर असताना कॉट कशी मिळवावी

तर तुम्ही जेलमधून सुटलात, अभिनंदन. आता पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये एका खाटेपुरती, जागा शोधायचीय ना, मग एकच नियम, खरं बोलायचं. ब्रोकरने विचारलं आधी कुठे राहायचात तर छातीठोक सांगा, येरवड्याला. तो म्हणेल अरे वा, कल्याणीनगरच्या साइडला का, तर हो म्हणा, जवळच. पुढचं त्याने विचारलं नाही तर आपण कशाला सांगा.

मग फ्लॅटमेट लोकांचा इंटरव्ह्यू. तिघं सोफ्यावर, तुम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीत. स्मोकिंग करता का, नॉनव्हेज चालतं का, पूर्ण नाव काय (म्हणजे आडनाव). खरं तर तुमच्याएवढं क्वालिफिकेशन त्यांच्यात कुणाचंच नाही, तुम्ही पहाटे उठता, पुढ्यात येईल ते खाता, वीतभर जागेत कुशीवर झोपता, एका संडासापुढे अख्खी बरॅक रांगेत उभी असताना चिडचिड न करण्याची सवय आहे, आणि जेवल्यावर ताट लगेच धुता. सिंकमध्ये चार दिवसांची मॅगीची कढई पडलीये ती ज्याची आहे त्याचं रेकॉर्ड मात्र एकदम क्लीन.

पोलीस व्हेरिफिकेशनला घाबरू नका, घाबरायचं मालकाने. भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली नाही तर केस त्याच्यावर होते, आधी आयपीसीचं कलम १८८ लागायचं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं २२३. म्हणजे रूम देता देता त्याचंही खातं उघडायची सोय! आता माहिती कळवणं वेगळं आणि रेकॉर्डवाल्याला जागा द्यायला बंदी असणं वेगळं, पण हा फरक सोसायटीच्या सेक्रेटरींना समजावण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या मागे भिंतीवर टिळकांचा फोटो असतो, सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढलेल्या माणसाचा, ताजा हार घातलेला. त्याकडे तर बोट अजिबात दाखवू नका.

निर्दोष सुटलो असं सांगून बघायचंय? बघा. उत्तर येईल, मग पकडलं कशाला होतं. २०२२ च्या शेवटी देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार लोक होते आणि त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे चारातल्या तिघांची केस अजून चालूच होती. कोर्टात वर्षानुवर्षं तारखा पडतात हो, सोसायटीचं तसं नाही, इथे लिफ्ट तळमजल्यावरून तिसऱ्यावर जाईपर्यंत निकाल लागतो.

एवढं करूनही कॉट नाहीच मिळाली तर सरळ लोकसभेला उभे राहा. डिपॉझिट २५ हजार फक्त, इथे त्यात एक रूम नीट मिळत नाही. केसेस लपवायच्या नाहीत उलट ॲफिडेव्हिटमध्ये लिहायच्या आणि प्रचारात तीनदा पेपरात छापून आणायच्या. २०२४ ला निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी आपल्यावर केसेस आहेत असं स्वतः लिहून दिलंय, अडलं का कुणाचं? फक्त केस पेंडिंग असलेली बरी, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्यांना ही स्कीम लागू नाही, त्यांनी पीजी बघावं.

शिवाय अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट नाही, डायरेक्ट पाच वर्षं. दिल्लीत घर सरकारी, फ्लॅटमेट नाहीत, ब्रोकरेज नाही, आणि सेक्रेटरी स्वतः बुके घेऊन येतात, फोटोसाठी.