पोचले, रात्री ११.१०

परवा माझ्या वडिलांचं, अण्णांचं, वर्षश्राद्ध झालं. पानं उठली, मंडळी सुपारी कातरत बसली होती आणि आमचे एक जवळचे नातेवाईक सहज म्हणाले, "माणूस मोठा हौशी. पण संसाराकडे लक्ष कमीच हो त्याचं." कुणी काही बोललं नाही. मीही नाही. त्या दिवशी वाद घालायचा नव्हता. पण दोन रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितेय.

अण्णा गिरणीत फिटर होते. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची दहा बाय बाराची खोली. खोलीत आम्ही पाच जण आणि खाटेखाली अण्णांचा पत्र्याचा पेटारा. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. मनिला दोराचं वेटोळं, चोरबाजारातून आणलेले पाने, लॅमिंग्टन रोडवरचे रेडिओचे सुटे भाग आणि मेणकापडात गुंडाळलेले नकाशे, सगळं त्यात. शनिवारी दुसरी पाळी संपली की अण्णा घरी येऊन कपडे बदलायचे, भाकरी-ठेचा बांधून घ्यायचे आणि दादरहून शेवटची कसारा लोकल गाठायचे. रतनगड, हरिश्चंद्रगड, कळसूबाई. गिर्यारोहणाच्या वस्तू विकत घ्यायची ऐपत कुणाची होती? पाठपिशवी त्यांनी ताडपत्रीची शिवली होती आणि खांद्याला काचू नयेत म्हणून पट्ट्यांच्या आत सायकलची ट्यूब भरली होती. ती पिशवी आजही माझ्याकडे आहे. शिवण कुठेही उसवलेली नाही.

एवढंच सांगितलं तर त्या नातेवाईकांचं म्हणणं खरं वाटेल. म्हणून आता घंटीबद्दल सांगते.

आमच्या चाळीत पाणी यायचं पहाटे. कधी साडेतीनला, कधी साडेचारला, आणि टिकायचं पाऊण तास. ते चुकलं की दिवसभर खालच्या टाकीवरून कळशा वाहायच्या, तीन जिने. त्यामुळे आई झोपायचीच नाही म्हटलं तरी चालेल. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो. त्या आवाजासाठी तिचा एक कान रात्रभर मोरीकडे असायचा. थंडीत उठून दोनदा-तीनदा नळाखाली हात धरून बघायची आणि परत येऊन पडायची. मी तिच्या कुशीत असायचे, तिचे गार हात मला आठवतात.

अण्णांनी ते किती दिवस पाहिलं असेल कुणास ठाऊक. एका रविवारी ते गडावर गेले नाहीत. फ्लशच्या टाकीत असतो तसा प्लॅस्टिकचा गोळा आणला. तो एका दांडीला लावला आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला पितळेची पट्टी ठोकली. समोर तशीच दुसरी पट्टी, मधे बोटभर अंतर. दोन जाड सेल, दाराला लावतात तसली घंटी. रात्री नळ उघडा ठेवून त्याखाली लहान बादली ठेवायची, बादलीत तो गोळा. पाणी आलं की गोळा वर उचलला जाणार, पट्टीला पट्टी टेकणार आणि घंटी वाजणार. पहिल्या रात्री वाजलीच नाही, कारण दमट मोरीत पट्टीवर कळंक चढला होता. अण्णांनी पट्ट्या काचकागदाने घासल्या, वर व्हॅसलीनच्या डबीचं झाकण छपरासारखं बसवलं. दुसऱ्या रात्री चार वाजून दहा मिनिटांनी ती अशी काही खणखणली की शेजारचे आजोबा काठी घेऊन बाहेर आले.

आई तेव्हा गाढ झोपेत होती. मी तिला गाढ झोपलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

महिनाभरात आमच्या मजल्यावर अकरा घंट्या झाल्या. अण्णांनी कुणाकडून सेलच्या वर एक पैसा घेतला नाही. आता मला कुणीतरी सांगावं, संसाराकडे लक्ष म्हणजे आणखी काय असतं?

आपल्याकडे पुरुषाचे दोनच साचे असतात. एक संसारी. पगार आणून हातावर ठेवतो आणि खुर्चीत बसतो. दुसरा भटक्या, छांदिष्ट, घराबाहेरचा. अण्णा दोन्हींत बसत नव्हते म्हणून लोकांनी त्यांना हौशी म्हणून निकालात काढलं. माझ्या मते ते ज्या डोक्याने कड्यावर पाय कुठे ठेवायचा हे बघायचे, त्याच डोक्याने घरात कुणाला काय जड जातंय हे बघायचे.

१६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण ज्यांना आठवतं त्यांना ती दुपार आठवेल. अख्खी मुंबई दारं लावून बसली होती, लालबागच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अण्णा आम्हां मुलांना घेऊन गच्चीवर गेले. बुटांच्या खोक्याला टाचणीने भोक पाडलेलं, आत पांढरा कागद. सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि कागदावर बघायचं. कागदावर मुगाच्या दाण्याएवढा सूर्य आणि त्याची एक कड कुरतडल्यासारखी. खालून बायका ओरडत होत्या, पोरांना खाली आणा म्हणून. आई वर आली. आम्हाला वाटलं आता ओरडा बसणार. ती खोक्यात डोकावली आणि म्हणाली, "अहो, हा तर चतुर्थीचा चंद्र वाटतो."

आईला सोबत घेतल्याशिवाय अण्णांबद्दल मला लिहिता येणार नाही. त्यांच्या प्रत्येक मोहिमेची अर्धी किंमत तिने मोजली आहे. १९७८ च्या श्रावणात ते माहुलीवरून उतरताना निसरड्यावर पडले आणि घोटा मोडला. आसनगाव स्टेशनपर्यंत सोबत्यांनी आळीपाळीने पाठीवर आणलं. सहा आठवडे प्लास्टर, ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, अर्धा पगार, घरात तीन मुलं. ती चूक होती. भर पावसात त्या वाटेने उतरायला नको होतं, हे अण्णांनी स्वतः कबूल केलं. आई चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली तेव्हा जाऊ नका असं म्हणाली नाही. म्हणाली, "कुठे जाताय आणि कधी येणार ते लिहून जायचं. वेळ टळली की मी माणसं पाठवणार."

तेव्हापासून भिंतीवरच्या कालनिर्णयात, दुधाच्या हिशेबाशेजारी, शनिवारच्या चौकोनात अण्णांचं बारीक अक्षर दिसायला लागलं. गडाचं नाव, सोबत कोण, परतीची गाडी. रविवारच्या चौकोनात वेळ.

पुढच्याच वर्षी त्यांनी आम्हा सगळ्यांना राजमाचीला नेलं. जूनचा पहिला आठवडा, एकच वळीव पडून गेलेला. लोणावळ्याहून पंधराएक किलोमीटरची चाल, आई पाचवारी आणि कॅनव्हासच्या बुटांत. देवगडकडच्या आमच्या गावाखेरीज ती मुंबईबाहेर कुठे गेलेली नव्हती. अंधार पडला आणि उधेवाडीच्या अलीकडे एका वळणावर अण्णांनी कंदील विझवायला सांगितला. समोरचं झाड पेटलं. पेटलं म्हणजे खरोखर, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काजवे, आणि सगळे एकदम लागायचे, एकदम विझायचे. अण्णा हातातल्या घड्याळाच्या हिरव्या काट्यांवर मोजत होते, किती सेकंदांनी लुकलुकतात ते. मला आकडे वहीत लिहायला लावले, अंधारात, चाचपडत. ती वही एका पावसात भिजून गेली, आकडे गेले. आई मात्र रस्त्यातच खाली बसली होती, धाकट्याला मांडीवर घेऊन. बराच वेळ तिने कुणाशी एक शब्द काढला नाही. परतताना म्हणाली, "माहेरी आहेत की काजवे. पण कुणी थांबून दाखवले नव्हते."

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, साठाच्या वर गिरण्या. गिरणगावात कुणाच्या घरात काय झालं ते ज्याने भोगलं त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही त्याला ते चार ओळींत कळणार नाही. निम्मी चाळ गावी गेली. आमचे अण्णा थांबले. आईने डबे द्यायला सुरुवात केली, परळ-दादरच्या ऑफिसांत बावीस डबे. अण्णा सायकलवरून पोचवायचे. पहिल्या दोन दिवसांत आमटी सांडली, गिऱ्हाईकं चिडली. तिसऱ्या दिवशी सायकलच्या मागे लोखंडी चौकट आली. तिला आडव्या सळ्या, सळ्यांना आकडे, आणि डबे त्यावर कड्यांनी टांगलेले. सायकल कशीही वाकडी झाली तरी डबा झोका घेऊन सरळच राहणार. एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मधे ट्यूबचे रबरी पट्टे. रस्त्यात लोक थांबून बघायचे. त्या चौकटीवर आम्ही तिघं शिकलो.

गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा अण्णांना परत घेतलं नाही. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. स्टोव्ह, मिक्सर, पंखे दुरुस्त करत त्यांनी पुढची पंचवीस वर्षं काढली. रविवार मात्र सोडला नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर आईने कपाटातून एक गठ्ठा काढला. कालनिर्णयची पानं, वर्षावर्षाची, सुतळीने बांधलेली. मला वाटायचं ती रद्दीत गेली असतील. प्रत्येक रविवारच्या चौकोनात अण्णांनी लिहिलेल्या वेळेखाली पेन्सिलीने आईचं अक्षर. "पोचले, ८.४०." "पोचले, १०.१५." एका ठिकाणी वेळ रात्री साडेनऊची आणि खाली "पोचले, रात्री ११.१०", पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटलाय. तीस वर्षं ती दर रविवारी दाराकडे कान लावून बसली, आणि दर रविवारी ते आले.

सगळ्यात शेवटचं पान जून २००९ चं. शनिवारच्या चौकोनात अण्णांचं अक्षर, थोडं कापरं: राजमाची, लोणावळ्याहून जीपने. रविवारी: रा. ९. खाली आईची पेन्सिल.

"पोचलो, ९.२५."