सातव्या फटक्याला शर्यत हरलीच पाहिजे

आज सकाळी आमच्या ग्रुपवर कुणीतरी अमेरिकेतल्या २०२५ च्या केंटकी डर्बीचा, म्हणजे तिथल्या मोठ्या घोड्यांच्या शर्यतीचा, शेवटचा तुकडा टाकला. चिखलाचा ट्रॅक, सॉव्हरिन्टी हा घोडा बाहेरच्या अंगाने येतो, जर्नलिझम या घोड्याला मागे टाकतो, जिंकतो. खाली लिहिलेलं: ‘एवढी मोठी रेस जिंकून दिली आणि वर ६२ हजार डॉलर दंड! चाबकाचे दोन फटके जास्त झाले म्हणून! हा काय न्याय आहे?’ त्यावर रडके चेहरे, ‘बिचारा जॉकी’, ‘आता घोड्याला लाडू भरवत पळवा’ वगैरे. दुपारपर्यंत गप्प बसले. आता नाही राहवत, म्हणून इथे लिहितेय.

बिचारा कोण यात? सहा फटक्यांची मर्यादा जॉकीला घोड्यावर बसण्याआधी माहीत असते. ती रातोरात कुणी बदललेली नव्हती. सॉव्हरिन्टीचा जॉकी ज्युनियर अल्वाराडोने आठ मारले, असं स्ट्युअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, ठरवलं. त्याआधीच्या १८० दिवसांत त्याचा असाच एक नियमभंग झालेला होता, म्हणून दंड दुप्पट झाला आणि वर दोन दिवसांची बंदी आली. त्याने याविरुद्ध दाद मागितली, तो त्याचा हक्क आहे. पण गळे काढणाऱ्यांनी जरा हिशोब तरी करायचा. पहिलं बक्षीस ३१ लाख डॉलर. त्यात जॉकीचा दहा टक्के वाटा, म्हणजे ३ लाख १० हजार. त्यातून ६२ हजार गेले. उरले २ लाख ४८ हजार. दुसऱ्या नंबरला अख्खं बक्षीस १० लाखांचं आणि जॉकीला त्यातले साधारण पाच टक्के, म्हणजे ५० हजार. तुम्ही त्या खोगिरावर असता, शेवटचे दोनशे मीटर उरले असते, सहा फटके संपले असते, तर तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.

मला तो दंड जास्त वाटत नाही. कमीही वाटत नाही. तो चुकीच्या माणसाच्या खिशातून घेतला जातो, हे माझं म्हणणं आहे. घोड्याचा पहिला नंबर तसाच राहिला, मालकाचं बक्षीस तसंच राहिलं, ट्रेनरचा वाटा तसाच राहिला. जास्तीच्या फटक्यांनी जे काही मिळालं असेल ते सगळं जागच्या जागी, आणि शिक्षा फक्त हाताला.

हे मी तावातावाने बोलते त्याला कारण आहे. लहान असताना मामांच्या एका स्नेह्यांबरोबर मी शर्यत बघायला गेले होते. त्यांची एका घोडीत भागीदारी होती. मी त्यांना काकाच म्हणायचे. त्यांची घोडी त्या दिवशी जिंकली, अगदी मानेच्या फरकाने. सगळे ओरडत होते, मीही ओरडले. नंतर काका मला मागे घेऊन गेले, जिथे घोड्यांना फिरवून थंड करतात. मोतद्दार तिच्या अंगावरून ओला स्पंज फिरवत होता. मी कौतुकाने उजव्या बाजूने पुढे झाले, तर तो म्हणाला, ‘ताई, तिकडून नका येऊ. आज तिकडून ती कुणालाच येऊ देत नाही.’ मग दिसलं. पुठ्ठ्यावर वळ होते, एकावर एक चढलेले, घामाने केस चिकटल्यामुळे आणखी स्पष्ट. त्याने स्पंज नुसता तिकडे नेला तरी तिची कातडी थरथरायची आणि ती मागचे पाय सरकवून अख्खं अंग दुसरीकडे घ्यायची. जिंकलेली घोडी होती ती.

तेवढ्यात कुणीतरी येऊन सांगितलं की जॉकीला चाबकासाठी दंड झालाय. काका हसले. खिशात हात घालत म्हणाले, ‘त्याला सांगा, दंड माझ्याकडून.’ सगळे हसले.

मी तेव्हा लहान होते, पण ते वाक्य विसरले नाही. दंड माझ्याकडून. म्हणजे शिक्षा म्हणून जी काही रक्कम होती ती त्या दिवसाच्या खर्चात जमा झाली, चाऱ्याच्या आणि नालांच्या पैशांसारखी. काका वाईट माणूस नव्हते. त्या घोडीवर त्यांचा जीव होता, तिच्या तब्येतीची ते रोज चौकशी करायचे. तरीही ते हसले, कारण व्यवस्थेने त्यांना हसायची मुभा दिली होती. निकाल त्यांच्या नावावर होता आणि पावती दुसऱ्याच्या.

आता मोठ्या शर्यतींकडे बघा. ब्रिटनमधली २०११ ची ग्रँड नॅशनल. बॅलाब्रिग्ज हा घोडा जिंकला. पोस्ट, म्हणजे शर्यत संपते तिथला खांब, ओलांडल्यावर जॉकीला ताबडतोब खाली उतरावं लागलं, घोड्याला पाणी आणि ऑक्सिजन द्यावा लागला. त्याच शर्यतीत दोन घोडे मेले होते. त्याचा जॉकी जेसन मॅग्वायरला चाबूक जास्त वापरल्याबद्दल पाच दिवसांची बंदी झाली. पाच दिवस! आणि नाव? विजेता म्हणून आजही बॅलाब्रिग्जचंच नाव आहे आणि जॉकी म्हणून त्याचंच. जगातली सगळ्यात गाजलेली अडथळ्यांची शर्यत जिंकायची आणि त्याबदल्यात पाच दिवस घरी बसायचं. कोण नाही म्हणेल?

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये नियम कडक केले. सपाट शर्यतीत सात फटके, अडथळ्यांच्या शर्यतीत आठ, आणि शेवटच्या टप्प्यात पाचच. काही दिवसांतच अ‍ॅस्कटच्या मैदानावर जॉकी क्रिस्तोफ सुमियोंने सिरस दे झेगल या घोड्यावर चॅम्पियन स्टेक्स ही शर्यत जिंकली, शेवटच्या फर्लांगात, म्हणजे साधारण शेवटच्या दोनशे मीटरमध्ये, एक फटका जास्त झाला, आणि त्याचा पन्नास हजार पौंडांवरचा वाटा अडकला. केवढा गदारोळ! जॉकी संपाची भाषा करायला लागले. मग शेवटच्या टप्प्याची ती मर्यादा काढूनच टाकली. नियम येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. माणसांच्या पैशाला हात लागला की केवढी धावपळ होते बघा. त्या पुठ्ठ्यांवरचे वळ कितीतरी वर्षं धीराने थांबले होते.

आणि ‘आता तर नियम कडक आहेत, घोडा बाद पण होतो’ असं ग्रुपवर एकाने ऐकवलं. हो, होतो. कधी होतो ते वाचलंय का? ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा, अडथळ्यांच्या शर्यतीत सात. घोडा बाद कधी? मर्यादेपेक्षा चार किंवा जास्त फटके झाले की. अमेरिकेतही सहा, आणि बक्षीस जातं ते चार जास्त झाले की. म्हणजे सातवा, आठवा, नववा फटका मारून जिंकलेली शर्यत जिंकलेलीच राहते. ते तीन फटके विकत मिळतात. त्यांचा दर छापील आहे, नियमावलीतच दिलेला आहे. ज्याला परवडतं त्याने मारावेत. आणि बक्षीस जितकं मोठं तितकं ते जास्त परवडतं. हे मला अजिबात, अजिबात मान्य नाही.

सहा म्हणजे सहा. सातवा पडला की नंबर गेला. बक्षीस गेलं, विजेत्यांच्या यादीतलं नाव गेलं. वजनात खोट निघाली तर घोडा बाद करतातच ना? शर्यतीनंतर जॉकी खोगीर घेऊन काट्यावर उभा राहतो आणि ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरला तर निकाल बदलतो. तिथे कुणी ‘बिचारा’ म्हणत नाही. कारण तिथे फसवणूक दुसऱ्या मालकाची असते. चाबकात नुकसान घोड्याचं, म्हणून तीन फटक्यांची सूट.

थोडं थांबून लिहितेय. वर जॉकींबद्दल फारच कडक बोलले का, असं वाटलं. कारण त्या दिवशीचा जॉकीही मला आठवतो. काका ‘दंड माझ्याकडून’ म्हणाले तेव्हा तो थोड्या अंतरावर उभा होता. लहानखुरा, गालफडं बसलेली, तोंडावर माती, वजनासाठी उपाशी राहणारा माणूस. तो हसला नाही. नुसती मान हलवली. मला तेव्हा तो दुष्ट वाटला होता. आज तसं वाटत नाही. त्याच्यावर दोन्हीकडून दोरी आवळलेली असते. नियम म्हणतो, सहाच्या वर मारू नकोस. दुसरा नियम म्हणतो, घोड्याला शक्य तितका चांगला नंबर मिळवून देण्यासाठी पूर्ण प्रयत्न कर, नाहीतर प्रयत्नच केला नाहीस म्हणून तुझी चौकशी. दोन्ही नियम राबवणारे स्ट्युअर्ड तेच. आणि थोडक्यात हरला तर मालक म्हणणार, ‘याने हातच उचलला नाही.’ पुढच्या वेळी त्या घोड्यावर दुसरा बसणार. बरेचसे जॉकी डर्बीवाले नसतात, प्रत्येक रपेटीच्या ठरलेल्या पैशांवर जगतात. हाडं मोडतात, काही जण जीवानिशी जातात. एवढ्या सगळ्यातून जाणाऱ्या माणसाकडून आपण अपेक्षा करायची की शेवटच्या फर्लांगात, ताशी साठ किलोमीटरच्या वेगात, त्यानेच मोजावं आणि त्यानेच थांबावं, बाकी कुणी काही गमावणार नाही. हे त्याच्यावरही अन्याय करणारं आहे.

म्हणूनच म्हणते की शिक्षा निकालाला द्या.

आता तुमचे मुद्दे. घोडा अचानक तिरका गेला, कठड्याकडे किंवा दुसऱ्या घोड्यावर जायला लागला तर त्याला सावरायला चाबूक लागतो. ठीक आहे, मान्य. हातात राहू द्या. सावरण्यासाठी वापरा. पोस्ट पन्नास मीटरवर असताना सरळ धावणाऱ्या घोड्याला जे मारतात ते सावरणं नसतं, हे तुम्हालाही दिसतं.

‘आताचे चाबूक मऊ असतात, आत फोम असतो, फटक्यापेक्षा आवाजच जास्त होतो.’ पूर्वीपेक्षा बरे आहेत, तेवढं कबूल. पण मग मला सांगा, लागतच नसेल तर मारता कशाला? आणि त्याने घोडा पळत असेल तर त्याला लागतंय म्हणून पळतोय ना? एकाच तोंडाने दोन्ही म्हणता येणार नाही. घोड्याची कातडी जाड असते, त्याला माणसासारखं दुखत नाही, हेही ऐकून घेतलं आजवर. सिडनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये कातडीचे नमुने तपासून त्याचं उत्तर दिलेलं आहे, ज्याला हवं त्याने शोधून वाचावं. मला त्या घोडीचं थरथरणं पुरे आहे. पाठीवर माशी बसली तर तेवढ्याच जागेची कातडी हलवून तिला उडवणारं जनावर आहे ते. त्याला फटका कळत नाही असं म्हणायला जीभ कशी वळते?

‘चाबूक गेला तर शर्यतीच बंद पडतील.’ नॉर्वेने १९८२ मध्येच चाबकाने मारण्यावर बंदी घातली. तिथे शर्यती आजही होतात, आजही कुणीतरी पहिला येतो. बिनचाबकाच्या शर्यतीतही सगळ्यात वेगवान घोडाच पुढे असतो, आणि मला वाटतं तिथे तो जास्त खरा असतो.

एक मुद्दा मात्र मला खरंच अडतो. ज्याने प्रामाणिकपणे त्या घोड्यावर पैसे लावले त्याचं काय? त्याचा घोडा पहिला आला आणि जॉकीच्या सातव्या फटक्यामुळे त्याचं तिकीट रद्दी झालं. ब्रिटनमध्ये तर घोडा बाद ठरतो तो काही दिवसांनी, तोवर पैशांचं वाटप झालेलं असतं. हो, यात गोंधळ आहे. पण कॅमेरे आहेत, स्ट्युअर्ड तिथेच बसलेले आहेत, एकमेकांना अडवल्याच्या तक्रारी ते निकाल पक्का होण्याआधी मिनिटांत सोडवतात. एका घोड्यावर किती फटके पडले हे मोजायला त्याहून जास्त वेळ लागू नये. सुरुवातीला चार-दोन मोठे निकाल फिरतील, आरडाओरडा होईल. होऊ दे.

कारण पुढे काय होईल ते मला स्पष्ट दिसतं. शर्यतीआधी मालक, ट्रेनर, जॉकी पॅडॉकमध्ये, म्हणजे घोडे फिरवतात त्या आवारात, गोल करून उभे असतात ना, तिथलं बोलणं बदलेल. आज तिथे काय सांगतात मला माहीत नाही, पण काकांसारख्या माणसाला सातव्या फटक्यात अख्खी शर्यत जाणार हे कळलं असतं, तर त्यांनीच त्या जॉकीचा हात धरून बजावलं असतं, ‘सहाच्या वर गेलास तर पुन्हा माझ्या घोडीवर बसायचं नाही.’ आणि त्या जॉकीलाही थांबायला एक कारण मिळालं असतं, जे तो कुणालाही तोंड वर करून सांगू शकला असता.

ग्रुपवर ज्यांनी रडके चेहरे टाकलेत त्यांना हेच लिहिणार होते, पण तिथे दोन ओळींत मावलं नसतं. ज्यांना पटत नाही त्यांनी खाली जरूर लिहा, मी रात्री उत्तरं देईन. फक्त ‘परंपरा’ हा शब्द घेऊन येऊ नका. आणि व्हिडिओ पुन्हा टाकणार असाल तर कॉमेंट्रीच्या ओरडण्यासकट नको, ज्यात जॉकीचा हात आणि घोड्याचा पुठ्ठा नीट दिसतो असा टाका. मग फटके मोजू आणि बोलू.